मायच्या गंधमुक्तीला लावलेला सेट

माझी माय गेली तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते. घरात सून होती, एक नात होती, गुडघे दुखायला लागले होते. म्हणजे वयाने मोठी बाई. अक्कल मात्र पाचवीतल्या पोरीएवढी, आणि तीही नापास झालेल्या. आता अडुसष्टाव्या वर्षी त्या बाईकडे बघते तर वाटतं, जवळ बोलवावं आणि एक ठेवून द्यावी.

आमचा धंदा स्पीकरचा. नंदुरबारात मिरचीच्या पथाऱ्या लागतात त्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत सेट असायचा: एक मशीन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, पण त्याला आमच्यात कोणी तसं म्हणत नाही, दोन भोंगे, दोन बॉक्स, तीन माइक, त्यातला एक कायम रुसलेला, आणि वायरींची वेटोळी. लग्न, साखरपुडा, कीर्तन, प्रचार, कुठेही बोलावलं की लोडिंग रिक्षात घालून निघायचं. एकदा तर डोंगरातल्या मोलगी गावच्या बाजारात गाईगुरांच्या लसीची घोषणा करायला सेट वर चढवला होता. घाटात एक बॉक्स रिक्षातून उतरून स्वतःच्या वाटेने गेला.

धंदा यांचा होता, पण यांना ऐकू येत नव्हतं. तरुणपणी भोंग्याच्या तोंडाशी उभं राहून लग्नं वाजवली, त्यात डावा कान गेला आणि उजव्याला जाड आवाज तेवढे उरले. माइकने शिट्टी मारली, मांडवातली माणसं कानात बोटं घालून हातवारे करायला लागली, की हे खुशीत हात जोडायचे. यांना वाटायचं, लोक दाद देताहेत. चार ठिकाणी शिव्या खाल्ल्यावर यांनी मला सोबत न्यायला सुरुवात केली. बायको म्हणून नाही, कान म्हणून.

मी शिकले, आणि चांगली शिकले, हे मात्र मला बोलू द्या. भोंगे माणसांकडे तोंड करून पुढे, माइक त्यांच्या मागे. माइक भोंग्यासमोर आला की तो स्वतःचाच आवाज ऐकून किंचाळणार. आवाज गेला तर मशीन उघडायला धावायचं नाही. आधी माइकचं बटण, मग पिन, मग वायर जिथे वाकते ती जागा, मग फ्यूज, मग बॅटरीच्या तारा. दहातल्या नऊ वेळा दोष पिनेत. हिवाळ्यात मिरचीची धूळ मशीनच्या बटणात जायची, फिरवलं की खरखर. ती मी जुन्या दात घासायच्या ब्रशने काढायचे आणि शिंकून शिंकून अर्धी व्हायचे. सगळं जोडून झालं की माइक हातात घेऊन बोलायचे, हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन. बाकीच्या बायका आत पुऱ्या लाटत आणि मी मांडवात मशीनजवळ, डोक्यावर पदर, हातात स्क्रू ड्रायव्हर. मला वाटायचं, मी म्हणजे कोण. तापीकाठच्या किती गावांत माझा आवाज पोचला! तीन नंतर चार म्हणायचीसुद्धा वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, हे त्या शहाणीच्या लक्षात आलं नाही.

मायला एकच मुलगा, माझा धाकटा भाऊ. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलेला. तो गावाकडे, तापीकाठी, केळी आणि ऊस, घर मोठं. माय पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा तो दवाखान्यासाठी म्हणून तिला माझ्याकडे सोडून गेला. म्हणाला, महिनाभर राहू दे. माय दोन वर्षं राहिली. मध्ये तो येऊन जायचा, केळीची फणी ठेवायचा, बाहेर रिक्षा थांबलीय म्हणायचा. आमच्यात मुलगा असताना आई मुलीच्या दारात राहत नाही, म्हणून गावात तो सांगायचा, माय चार दिवस अक्काकडे गेलीय. दोन वर्षं माय चार दिवसांसाठी आली होती.

तिचं सगळं मी केलं. सांगण्यासारखं नाही, ज्यांनी केलंय त्यांना कळतं. दात नव्हते, तर कळण्याची भाकरी दुधात कुस्करून द्यायचे. दुपारी तिची खाट पुढच्या खोलीत सेटजवळ असायची. मी वायरी दुरुस्त करायचे, ती बघत राहायची. एकदा तिने विचारलं, ह्याच्यातून बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं का? मी म्हटलं, जातं. मनात नसलं तरी ऐकावं लागतं. तिने हात लांब करून भोंग्याला लावून बघितला. मग म्हणाली, "मी मरी गऊ का ह्या भोंगामा सांगजो, मी मन्ही आंडेरना घर व्हतू, सुखमा व्हतू. मन्हं तोंडनं कोनी ऐकत नही. ह्या भोंगानं तरी ऐकतीन."

आंडेर म्हणजे मुलगी. मी हसले. म्हटलं, सांगेन हो, वर गाणंही लावेन. हे मशीनमागे फ्यूज बदलत बसले होते, म्हणून मला वाटलं त्यांनी ऐकलं नाही.

शेवटचं सुरू झालं हे सगळ्यांना कळत होतं. भाऊ जीप घेऊन आला. म्हणाला, माय आता घरी चालली पाहिजे, लोक काय म्हणतील, मुलीच्या दारातून उठवली म्हणतील. मी एका शब्दाने आडवी आले नाही. गोधडी बांधून दिली, औषधं डब्यात भरून दिली, कुठली कधी ते कागदावर लिहून दिलं. मायने जीपमधून माझा पदर धरला होता, तो मीच सोडवला. आठव्या दिवशी त्याच्या घरी तिने प्राण सोडला.

आमच्याकडे बाराव्या दिवशी गंधमुक्तीचा कार्यक्रम असतो. मांडव पडतो, सोयरे-धायरे येतात, माणसं एकेक करून माइकवर श्रद्धांजलीची भाषणं करतात, मग जेवण. भावाचा फोन आला. मला वाटलं विचारतोय, कशी आहेस. तो म्हणाला, "अक्का, सेट आपलाच लावू. बाहेरना कसाले पाहिजे?"

म्हणजे स्वतःच्या आईच्या गंधमुक्तीला मी लोडिंग रिक्षात भोंग्यांच्या मध्ये बसून गेले. लेक म्हणून बायकांत बसायचं होतं. पण शिट्टी कोण ऐकणार? पदर पुढे ओढून मशीनजवळ सतरंजीवर बसले. आतून बायका वाकून बघत होत्या. एकीने दुसरीला माझ्याबद्दल सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, दखा, मायनं दुख सोडीसन मशीन फिरावस. कान चांगला असण्याचे तोटेही असतात.

रात्रभर मी दोन वाक्यं पाठ केली होती. भाषणं संपली की माइक घ्यायचा, मायचं सांगणं सांगायचं, ठेवून द्यायचा. दोनच वाक्यं. पण आमच्याकडे एक गंमत आहे. खाली बसून सगळे अहिराणी बोलतात आणि माइक हातात आला की पुस्तकातलं मराठी काढतात. मायचं बोलणं मायच्याच शब्दांत सांगायचं की त्यांच्यासारखं, यात त्या बाईची अर्धी रात्र गेली होती.

भाषणं सुरू झाली. प्रत्येक जण आधी माइकला तीन टिचक्या मारायचा. एक गुरुजी बोलायला लागले आणि भोंग्यातून टर्र टर्र यायला लागलं. मी बसल्या जागेवरून खूण केली, खिशातला मोबाइल काढा. त्यांना वाटलं भाषण आटपा म्हणते. बिचाऱ्यांनी आटपलं. मला मनातून हसू आलं. त्या दिवशीसुद्धा.

मग भाऊ उभा राहिला. "माझ्या आईची सेवा," तो म्हणाला, "शेवटच्या श्वासापर्यंत माझ्या हातून घडली. दोन वर्षं ती अंथरुणाला होती. मी तिला कुठे जाऊ दिलं नाही. स्वतःच्या हाताने घास भरवला."

मांडवातल्या कित्येकांना ठाऊक होतं. नंदुरबारला मिरची घेऊन आलेले कितीतरी जण मायला माझ्या पुढच्या खोलीत बघून गेले होते. कोणी मान वर केली नाही. सगळे चेहरे शोकाचे.

आणि मी काय केलं? उठून बोलले? छे. मी माझ्या परीने मोठं शहाणपण केलं. मशीनच्या मागे हात घातला आणि माइकची पिन अर्धी ओढली. खर्रकन् आवाज झाला आणि भाऊ मुका झाला. तोंड हलतंय, हात हलताहेत, आवाज नाही. मला इतका आनंद झाला की पदरात तोंड लपवावं लागलं. लोकांना वाटलं रडते.

मागून ओरड झाली, आवाज येत नाही. भावाने माइक आपटून बघितला, मग सरळ माझ्यापाशी येऊन माझ्या हातात दिला. "अक्का, देख बरं काय व्हयनं."

आता काय होणार हे त्या हुशार बाईने आधी ठरवलंच नव्हतं. मी बटण बघितल्याचं नाटक केलं, वायर चाचपली, आणि पिन परत आत ढकलली. बॉक्समधून बारीकशी हूं आली, म्हणजे माइक जिवंत. मांडवातली सगळी माणसं गप्प होऊन माझ्याकडे बघत होती. आतल्या बायकाही दारात आल्या. इतकी शांतता मला आयुष्यात कुठल्या मांडवात मिळाली नव्हती. माइक माझ्या हातात, आवाज उत्तम, शिट्टी नाही, खरखर नाही. भाऊ हाताच्या अंतरावर थांबलेला. मी तोंड उघडलं.

"हॅलो, हॅलो. माइक टेस्टिंग. एक, दोन, तीन."

आणि माइक त्याच्या हातात दिला.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण कामात कुचराई करायची मला सवय नाही. त्याचा आवाज जाडा, भोंग्यात घुमत होता, म्हणून मी बटण फिरवून तो जरा मोकळा केला. तो म्हणाला, मघाशी आवाज गेला होता, म्हणून परत सांगतो. आणि पहिल्यापासून सांगितलं. शेवटचा श्वास, दोन वर्षं, स्वतःच्या हाताने घास. पहिल्यांदा मागच्या रांगांना नीट ऐकू गेलं नव्हतं. दुसऱ्यांदा पार बांधावरच्या गड्यांपर्यंत गेलं. दोन-तीन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

सामान आवरताना तो आला. यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पाव्हना, सेट भारी वाजना."

परत येताना हे रिक्षात माझ्या शेजारी बसले होते, चांगला कान माझ्याकडे करून. मग त्यांनी विचारलं, "तू बोलनी का नही?"

मी म्हटलं, काय बोलायचं होतं?

"मायनं सांगेल. मी भोंगाजवळच उभा व्हतू. तुन्हा आवाज ऐकासाठे."

आठवलं तेव्हा लक्षात आलं. कार्यक्रमभर हे उजवा कान भोंग्याला लावून उभे होते, आणि मी मनात म्हणत होते, हा माणूस उरलासुरला कानही घालवणार. मी त्यांना उत्तर दिलं की मी टेस्टिंग करत होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ते गेले त्यालाही आता तीन वर्षं झाली, तोवर कधीच विचारलं नाही.

पुष्कळ वर्षं मी भावाला शिव्या घातल्या. मग समाजाला घातल्या, रीतीला घातल्या. त्या शिव्यांनी माझं नुकसान झालं नाही. त्यांचंही झालं नाही. खरं बघितलं तर त्या दिवशी माझं तोंड कोणी धरलं नव्हतं. माइकसुद्धा भावानेच आणून दिला होता.

गेल्या भाऊबीजेला तो आला. आता त्यालाही काठी लागते. ओवाळून झालं, फराळाचं ताट समोर ठेवलं. त्याची नात सोबत होती, तिला तो मायबद्दल सांगत होता. दोन वर्षं अंथरुणाला होती, मी कुठे जाऊ दिलं नाही. सांगता सांगता तो रडायला लागला, आणि तो खोटं रडत नव्हता. इतकी वर्षं सांगून सांगून त्याला ते सगळं आठवायला लागलंय. मायला घास भरवलेला त्याला दिसतो. मग तो माझ्याकडे वळला आणि फार मायेने म्हणाला, "अक्का, माय शेवटले तुन्ही लई याद काढे. तू एकदाव यी जाती ते बरं व्हतं."

पोरगी माझ्याकडे बघत होती. अगदी मोठे डोळे करून, ही कसली मुलगी, असं.

मी म्हटलं, हो, यायला पाहिजे होतं. आणि त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.