जाऊबाईंच्या गच्चीवरचा मोर

माझ्या थोरल्या जाऊबाईंना एखादी गोष्ट माहीत नाही, असं आजवर घडलेलं नाही. निदान त्यांच्या तोंडून तरी ते कुणी ऐकलेलं नाही. थोरल्या दिरांचं सोनं गाळायचं दुकान कोइमतूरला होतं आणि जाऊबाईंची उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली. मुलाच्या हाती दुकान देऊन दोघं विट्याजवळच्या आमच्या गावी परतली, तेव्हा जाऊबाईंना तमिळ जेमतेम येत होतं. पण तिथला भाजीवाला मात्र "घ्या की वैनी, लय कवळी हायत," असं म्हणायला शिकला होता. एकदा एसटीत एका जोडप्याने त्यांना कुठल्याशा गावाची वाट विचारली. जाऊबाईंनी ते गाव कधी पाहिलेलं नव्हतं, तरी दोघांना ठामपणे एका फाट्यावर उतरवलं. गाव केव्हाच मागे गेलं, असं कंडक्टरने सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग त्यांनी गाव चुकीच्या जागी वसवलंय," आणि शांतपणे शेंगा सोलायला लागल्या.

अशा बाईचं मोराबद्दलही मत असणारच. आमच्याकडे हल्ली मोर कोंबड्यांसारखे हिंडतात. पण मोर उडत नाही, हे जाऊबाईंनी ठरवून टाकलं होतं. "येवढा पिसारा वडत त्यो उडायचा कसा? नाचायचं काम दिलंय त्याला, उडायचं न्हाई." त्या उन्हाळ्यात मी सुट्टीला गेले होते आणि गच्चीवर वाळत घातलेले मटकीचे सांडगे रोज सकाळी फस्त होत होते. कठड्यावर मोराची विष्ठा, खाली एक पीस. आमच्या जिन्याच्या दाराला आतून कडी. शेजारणीची गच्ची मात्र आमच्या गच्चीला लागून, मध्ये गुडघ्याएवढी भिंत, आणि तिचा जिना बाहेरून, बिनदाराचा. जाऊबाईंनी लगेच निकाल दिला, की मोर शेजारणीच्या जिन्याने चालत वर येतो.

ही शेजारीण म्हणजे जाऊबाईंची जिवाभावाची मैत्रीण. दोघी दर उन्हाळ्यात मिळून सांडगे घालायच्या. तिने साधेपणाने सांगितलं, "अगं, उडून येत्यात ती. म्या बघितलंय."

"तुझ्या डोळ्यांचं आपरीशन बिघडलंय," जाऊबाई म्हणाल्या.

शेजारणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. तिच्या तोंडावर पडलेली छाया मी पाहिली. दुसऱ्या दिवशी तिने जिन्याला पत्र्याचं दार बसवून घेतलं. तरी सांडगे गेलेच. तेव्हा जाऊबाईंनी गिरणीत, चार बायकांच्या देखत, "दार मुद्दाम उघडं ठिवती," असं म्हटलं, आणि त्या दिवसापासून शेजारणीने बोलणं टाकलं. जाऊबाई घरात भांडी जरा जास्तच जोराने आपटायला लागल्या. जेवणही कमी झालं. पण मत बदललं नाही.

शेवटी एका पहाटे त्या मला घेऊन गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसल्या. चोर रंगेहाथ पकडायचा होता. उजाडलं तसा खालच्या पडीक रानात एक मोर दिसला. त्याने मान उंच करून आमच्या गच्चीकडे पाहिलं, दोन पावलं पळाला, आणि फडफड असा दणदणीत आवाज करत जवळजवळ सरळ वर उठला. अख्खा पिसारा ओल्या लुगड्यासारखा मागे लोंबत होता. आमच्या डोक्यावरून वारा घालत तो गेला आणि अलगद कठड्यावर उतरला. जाऊबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. त्यांच्या डोळ्यांदेखत त्याने पोटभर सांडगे खाल्ले. त्यांनी हुसकलासुद्धा नाही. मग एक झेप घेऊन तो लांबच्या कडुलिंबाच्या शेंड्यावर जाऊन बसला.

पलीकडच्या गच्चीवर शेजारीण हातात केरसुणी घेऊन उभी होती. तिनेही सगळं पाहिलं होतं.

"बाये," जाऊबाई म्हणाल्या, "उडतोय की गं त्यो."

"मग मी काय म्हणत हुते?"

"तू उडतोय म्हणलीस. येवढा उडतोय म्हणली न्हाईस!"

शेजारीण हसली नाही. तेव्हा जाऊबाईंनी लुगडं सावरलं, दुखऱ्या गुडघ्यांनी ती भिंत ओलांडली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "चुकलं माझं. डोळं तुझंच बरं हायत." शेजारणीने केरसुणी खाली ठेवली आणि म्हणाली, "ऊठ. च्या ठिवते." त्या दिवशी पत्र्याचं दार निघालं.

यंदा शेजारीण मुलाकडे शिरवळला राहायला गेली. तो तिथे कारखान्यात आहे. मी गेले तेव्हा तिच्या घराला कुलूप होतं आणि जाऊबाई एकट्याच सांडगे घालत होत्या. दिवस मावळताना मोर एकेक करून लिंबावर चढायला लागले, तशा त्या शेजारणीला फोन लावून गच्चीवर आल्या. "आलं बघ सगळं," म्हणाल्या. तेवढ्यात एक मोर केकाटला. त्यांनी फोन कानापासून काढला आणि हात लांब करून झाडाच्या दिशेने धरला.

"आलं का गं ऐकायला?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

मग त्यांनी फोन पुन्हा झाडाकडे धरला. दोघींपैकी कुणीच तो ठेवला नाही.