जऊळक्याचा गोविंदा अजून कच्चा आहे

आमचा हॉकी क्लब बंद पडला, ग्राउंडवर जिनवाल्याने कापसाच्या गाठी रचल्या, एकुलत्या एका बॉलची शिवण उसवली. पण किस्से काही बंद पडायला तयार नाहीत! क्लब चालू होता तेव्हा दोन-तीनच होते, आता मोजता येत नाहीत. वाशीमच्या बाजारात जुन्या टीममधले दोघे भेटले की चहा येईपर्यंत तिसरा किस्सा सुरू झालेला असतो. आणि कुठूनही सुरुवात करा, गाडी येते एकाच प्रश्नावर. गोविंदा तयार होता का?

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. तेव्हा खेळायला अकरा जण जेमतेम जमत, पण कमिटी मात्र भक्कम होती. अध्यक्ष बापूसाहेब वकील. त्यांनी आयुष्यात स्टिक हातात धरली ती फक्त ग्रुप फोटोच्या वेळी. दुसरे रहीमखान जमादार. पोलिसात असताना कामठीला गोऱ्या सोजिरांविरुद्ध खेळलेले, तेव्हा दुखावलेला गुडघा ते अजून सगळ्यांना दाखवत. तिसरा मी, सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे ज्याच्या घरी बॉल असतो तो.

अकोल्याला दर हिवाळ्यात टूर्नामेंट भरे. हरला तो घरी, असा रोकडा कारभार. रेल्वेच्या आणि मिलच्या टीम येत. त्यांचे खेळाडू पगारी, नावाला मिलमध्ये आणि कामाला ग्राउंडवर. मिलचे साहेब खुर्च्या टाकून बसत आणि एखादा पोरगा आवडला की नोकरी देऊन घेऊन जात. आमच्या टीममधला कोणी त्यांना कधी आवडला नाही. त्यात साहेबांचा काही दोष नव्हता.

आणि मग आमच्याकडे गोविंदा आला.

* * *

गोविंदा जऊळक्याचा. वाशीमला शाळेत असताना त्याला हॉकीचा नाद लागला. शाळा सुटली, नाद सुटला नाही. वय एकोणीस, अंगाने काटक. दर रविवारी सकाळच्या गाडीने प्रॅक्टिसला यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा.

आमच्या ग्राउंडच्या एका अंगाला जिन आणि दुसऱ्या अंगाला उभी ज्वारी. बॉल एकच. म्हणून क्लबचा नियम होता की ज्याने बॉल बाहेर मारला त्यानेच तो शोधून आणून सेक्रेटरीच्या हातात द्यायचा. मी तो पुसून, शिवण तपासून मग खेळायला सोडणार.

या नियमामुळे आमची टीम फार सभ्य झाली होती. जोरात कोणी मारतच नसे! बॉलला हळूहळू गोंजारत गोलपर्यंत न्यायचा, मध्येच कोणी काढून घेतला तर राग मानायचा नाही.

गोविंदा मात्र मारायचा. आणि मारला की ज्वारीत घुसायचा. बाहेर आला की बॉल सदऱ्याला पुसून माझ्या हातात द्यायचा, "घ्या सेक्रेटरीसाहेब." लगेच पुन्हा मारायचा, पुन्हा घुसायचा.

जमादार डोळे बारीक करून पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "लडका अच्छा हाय. मगर खेळते कम, जवारीत जास्त राह्यते!"

कमिटीने पहिल्या वर्षी नोंद घेतली, गोविंदा अजून कच्चा आहे.

* * *

दुसऱ्या वर्षी बापूसाहेबांनी बुटांचा मुद्दा काढला.

"मिलवाले बूट घालून खेळतात. हा अनवाणी. याचे पाय तुडवतील ते!"

आमच्या टीममध्ये निम्मे अनवाणीच होते. पण ते अनुभवी अनवाणी!

पोस्टमास्तरांचे बूट मागून आणले. ते दोन बोटं मोठे. गोविंदाने पुढे चिंध्या कोंबल्या आणि उतरला. तिसऱ्या धावेला उजवा बूट मागे राहिला आणि गोविंदा पुढे गेला. गोविंदा पडला तरी बॉल गोलमध्ये गेला, पण कमिटीचं लक्ष बुटाकडे होतं.

"पाहिलंत?" बापूसाहेब म्हणाले. "बूट घालून खेळता येत नाही."

पुढच्या दसऱ्याला गोविंदाने मोच्याकडून स्वतःच्या मापाचे बूट करून घेतले. रविवारभर घालून खेळला, एकदाही पडला नाही. मी आनंदाने बापूसाहेबांकडे पाहिलं.

ते गंभीर होते. "आता याला बुटांची सवय झाली. उद्या बूट फाटले तर?"

* * *

गाडी वाशीमहून अकोल्याला जाताना वाटेत जऊळकं लागतं. टीम अकोल्याला निघाली की गोविंदा तिथल्या प्लॅटफॉर्मवर उभा असे. हातात स्टिक, पाठीला वळकटी. कोणी बोलावलेलं नसायचं. कमिटीचं मन ऐन वेळी बदललं तर आपण तयार असावं, म्हणून उभा.

गाडी थांबली की बापूसाहेब खिडकीतून सांगत, "या वर्षी नको रे. पुढच्या वर्षी पाहू."

"बरं," गोविंदा म्हणायचा. मग वळकटीतून हुरड्याचं गाठोडं काढून आत द्यायचा. "मंग हे तं घेऊन जा. वाटंत खाजा."

आम्ही खायचो. हुरडा कोवळा, सोबत तिळाची चटणी. मला घास घशाखाली उतरताना वाईट वाटायचं, पण उतरायचा.

एका वर्षी आम्ही पहिल्याच मॅचला आपटलो. परतताना संध्याकाळी जऊळक्याला गोविंदा तसाच उभा! सकाळपासून घरी गेला होता की नाही, देव जाणे.

"किती झाले?" त्याने धावत येऊन विचारलं.

"आठ," मी म्हणालो.

"आपले?"

जमादार गुडघा चोळायला लागले. गोविंदा काय ते समजला आणि गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजाला धरून चालत राहिला.

स्टेशन मागे पडल्यावर बापूसाहेबांनी सुस्कारा सोडला. "बरं झालं, नाही आणला. आठ गोल पाहून पोराचं मन खचलं असतं!"

* * *

एका रविवारी गोविंदासोबत त्याचा थोरला भाऊ महादू आला. डोक्याला पागोटं, हातात तुतारी; तुतारी म्हणजे बैल हाकायची खिळ्याची काठी. तो सरळ कमिटीपुढे येऊन उभा राहिला.

"मले हॉकीतलं काही समजत नाही," तो म्हणाला. "वावर हाये एवढंसं. दोघाइचं पोट त्यावर भरत नाही. हा म्हणते, अकोल्यात खेळलो तं मिलवाले नोकरी देतीन. तुमी म्हन्ता, पुढच्या साली. हे पुढचं साल येऊन कायले नाही राह्यलं?"

"तसं नाही महादू," बापूसाहेब म्हणाले. "गुण आहेत. पण तयारी म्हणजे..."

"मले एकच सांगा. हाये का नाही? हाये म्हणा, तं मी अजून एक साल वाट पाह्यतो. नाही म्हणा, तं उद्या त्याले वखरावर घेतो. मंग हे काठी चुलीत!"

गोविंदा खाली मान घालून बुटाच्या टोकाने माती उकरत होता. एवढा मारणारा पोरगा, पण त्या वेळी त्याच्याने मान वर होईना.

कमिटीने बाजूला जाऊन विचार केला. जमादार म्हणाले, आहे. बापूसाहेब म्हणाले, नाही. मी म्हणालो, बापूसाहेब म्हणतात तेही बरोबर आहे. परत येऊन बापूसाहेबांनी निर्णय सांगितला, "तयार आहे असं म्हणता येणार नाही, आणि नाही असंही म्हणता येणार नाही."

महादूने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "बाप्पा! आमच्या गावात गाभण म्हसीबद्दलबी कोणी इतकं गोल बोलत नाही!"

पण वखराचं त्याने काही काढलं नाही. "एकच साल," एवढं गोविंदाला ऐकवून तो तरातरा निघून गेला.

* * *

त्या हिवाळ्यात आम्ही गोविंदाला नेलं. राखीव म्हणून!

जऊळक्याला खिडकीतून "चढ" म्हटल्यावर त्याला आधी खरं वाटेना. गाडी हलली तेव्हा चढला. हुरडा आम्ही त्याच्यासोबत बसून खाल्ला आणि त्या वर्षी तो मला पहिल्यांदा गोड लागला.

अकोल्याला मॅचच्या सकाळी आमच्या एका फॉरवर्डला ताप भरला. गोविंदाने बूट बांधले. कमिटी बसली. आणि बापूसाहेबांनी पोस्टमास्तरांना उतरवलं!

पोस्टमास्तर पंचेचाळिशीचे. ते आले होते मॅच पाहायला आणि अकोल्याच्या मेव्हण्याला भेटायला. "पण अनुभव आहे," बापूसाहेब म्हणाले. पोस्टमास्तरांना टॉसच्या वेळीच धाप लागली. बूट मात्र त्यांच्या मापाचे होते. आम्ही पहिल्याच मॅचला बाद.

गोविंदाच्या हातचं वर्ष गेलं. तो स्टिक उचलून ग्राउंडच्या पलीकडच्या टोकाला गेला. तिथे नागपूरकडच्या एका मिलची टीम प्रॅक्टिस करत होती. त्यांच्याकडे बॉल म्हणजे टोपलीभर! ते धडाधड मारत होते, बॉल गोलमागच्या बाभळींत जात होते आणि कोणी मागे वळून पाहत नव्हतं.

आमच्या क्लबच्या गड्याला हे कसं बघवावं! गोविंदा बाभळींत घुसला. एकेक बॉल शोधायचा, सदऱ्याला पुसायचा आणि एवढ्या लांबून हातात कसा देणार, म्हणून तिथूनच स्टिकने परत पाठवायचा. प्रत्येक बॉल ज्याचा त्याच्या पायाशी जाऊन थांबे.

मिलचा कप्तान उंचापुरा पठाण होता. त्याने मारणं थांबवलं आणि थोडा वेळ नुसता पाहत राहिला. मग आमच्याकडे येऊन विचारलं, "ये लड़का किसका है?"

बापूसाहेबांची छाती फुगली. "हमारा है," ते म्हणाले. "लेकिन अभी कच्चा है!"

परतीच्या गाडीत गोविंदाला आम्ही बोललो ते वेगळंच. लोकांचे बॉल वेचून क्लबची अब्रू घालवलीस म्हणून!

* * *

पावसाळ्यापासून गोविंदा रविवारी यायचा बंद झाला होता; महादूने वखरावर घेतला असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. पुढच्या हिवाळ्यात जऊळक्याला गाडी थांबली. प्लॅटफॉर्मवर गोविंदा नव्हता. महादू होता, हुरड्याचं गाठोडं घेऊन.

"गोविंदा कुठे?" मी विचारलं.

"अकोल्याले गेला. तुमच्या आधीच पोचला तो."

गाडी सुटली. मॅच पाहायला पोरगा पदरमोड करून पुढे गेला, या कल्पनेने कमिटी हेलावली. जमादारांनी तर डोळे पुसले. बापूसाहेब म्हणाले, "पुरे आता. या वर्षी तोच खेळणार. गोविंदा तयार आहे!"

जमादारांनी हात वर केला, मी दोन्ही वर केले. आमच्या कमिटीचा एकमताने झालेला हा एकमेव ठराव. तो गाडीत पास झाला.

ग्राउंडवर पोचलो. पहिलीच मॅच नागपूरकडच्या त्या मिलच्या टीमशी. समोरून लाल जर्सीतले अकरा जण उतरले आणि त्यांच्यातला एक धावत आमच्याकडे आला. जमादारांच्या पाया पडला, बापूसाहेबांच्या पडला, मला म्हणाला, "बरे हा ना, सेक्रेटरीसाहेब?"

"गोविंदा!" बापूसाहेब म्हणाले. "अरे, आम्ही तर आजच ठरवलं..."

शिट्टी झाली. तो पळाला.

पहिला गोल आमच्या गोलकीपरने झाल्यावर पाहिला. जाळी फाटकी होती, बॉल आरपार बाभळींत गेला. पंचाने खिशातून दुसरा बॉल काढला. पण गोल मारणारा गडी होता कुठे? तो बाभळींत होता! बाहेर आला, बॉल नव्या लाल जर्सीला पुसला, लोक हसताहेत याची शुद्ध नाही, आणि लाईनीवर येऊन माझ्या हातात दिला. "घ्या सेक्रेटरीसाहेब."

मी शिवण तपासली. दुसरं काय करणार? डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं, तरी तपासली.

त्या दिवशी तो चार वेळा बाभळींत गेला. आम्ही एकदाही गेलो नाही.

संध्याकाळी आम्ही परतीची गाडी धरली. जऊळकं आलं. महादू सकाळच्याच जागी उभा होता. खिडकीपाशी धावत आला.

"किती झाले?"

"चार," मी म्हणालो.

"आपले?"

मी जमादारांकडे पाहिलं, जमादारांनी गुडघ्याकडे पाहिलं. बापूसाहेब उठले, मला बाजूला सारलं आणि खिडकीतून अर्धे बाहेर वाकून, सगळ्या स्टेशनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले :

"चारही आपलेच!"