पाठीवरचं गाव

काटेरी तारेच्या कडेनं सकाळपासून तोमेकिचीची ही नववी फेरी. युद्ध संपून दोन महिने झाले, तरी छावणीतल्या जपान्यांना कुणी सोडत नव्हतं. तिकडे, याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रूमच्या खाडीवर, तिवरांपाशी, त्याची बोट अर्धवट पडली होती. डाव्या अंगाच्या चार फळ्या बसवायच्या राहिल्या आणि शिपाई त्याला धरून घेऊन गेले. त्याला चार वर्षं झाली. छावणीत सुतारकाम होतं, पण इथली करवत ढकलून चालवायची. जपानी करवतीला सरावलेला त्याचा हात अजून ओढायलाच जायचा.

आज मैदानात टेबल मांडून एक साहेब बसला होता.

"घरी जायचंय?"

"हो, हो! कधी?"

साहेबानं नावापुढे खूण केली. तोमेकिची जवळजवळ धावतच बराकीत आला आणि ब्रूमला राहिलेल्या बायकोसाठी, डोरिनासाठी केलेली लाकडी पेटी त्यानं खाटेखालून ओढली.

"तोमे-सान, कोबेला कोण आहे तुझं?" शेजारच्या खाटेवरून यासुहिरा धोब्यानं विचारलं.

"कोबेला कशाला मरायला जाऊ?"

"बोट कोबेला चाललीय. त्यांच्या लेखी आपलं घर म्हणजे जपान. सोळाव्या वर्षी निघालास तेव्हा तोंडात दात तरी होते. आता कोण ओळखणारंय तुला?"

तोमेकिची पेटी काखेत तशीच धरून उलट पावली पळाला. साहेब टेबल आवरत होता.

"घर तिकडे नाही. इकडे. बायको. बोट."

"तूच हो म्हणालास ना, म्हाताऱ्या? मग कुठलं घर ते लिहून दे."

पेन्सिल हातात आली आणि तोमेकिची थबकला. इंग्रजी त्याला लिहिता येत नव्हतं. पण सतरा बोटी त्यानं बांधल्या होत्या, आणि बोटीच्या पाठीवर, मागच्या फळीवर, नावाखाली तिचं बंदर रंगवायची रीत होती. कागद आडवा करून त्यानं ती सहा इंग्रजी अक्षरं काढली. जाड, कागदभर. ब्रूम.

"एवढं मोठं?"

"लांबून दिसायला पाहिजे."

साहेब अक्षरांकडे बघत राहिला. मग त्यानं यादीतली खूण खोडली. "कोबेला जाणं टळलं तुझं. ब्रूमचं मात्र माझ्या हातात नाही."

तोमेकिचीनं मान डोलावली. पेटी काखेत घेऊन तो पुन्हा तारेकडे वळला. दहावी फेरी.