महिपतचे चार दिवस

डोंबिवलीत आपल्याइतका भित्रा पुरुष दुसरा नाही, असं महिपतचं स्वतःविषयी ठाम मत होतं. कल्याणच्या छापखान्यात तो दुपारपाळीला खिळे जुळवायचा आणि तिथे मिशीला पीळ देऊन बोलायचा. चाळीच्या नळावर आला की मात्र त्याची मांजर व्हायची.

झालं असं, की त्याची आई गंगुबाई मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. महिपतची बायको कलावती ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या शाळेत मास्तरीण होती. शाळा सकाळची. नातलग जमले आणि एकमुखाने म्हणाले, सुनेने आता नोकरी सोडावी. कलावती म्हणाली, सोडणार नाही. "सकाळी तुम्ही घरीच असता. आईंचं आणि भाताचं तेवढं तुम्ही बघा."

"त्यात काय!" महिपत म्हणाला. बोलायला कुठे पैसे पडतात?

दुसऱ्या दिवशी तो नळावर तांदूळ धुवायला गेला, तर समोर शेजारच्या शेवंतीबाई. "का हो भावजी, आज तुम्ही?"

"ती बाहेर बसलीय," महिपतच्या तोंडून निघून गेलं.

आता, बायको बाहेर बसली आणि घरात दुसरी बाई नसली, की पुरुषाने चूल पेटवायची हा चाळीचा रिवाजच होता. महिन्यातले ते चार दिवस भलेभले मिशाळ पुरुष पिठलं घोटत बसायचे, कोणी हसत नसे. पाचव्या दिवशी मात्र हातात पळी दिसली, की तो बाईलबुद्ध्या. महिपतने एवढंच केलं, की पाचवा दिवस उजाडूच दिला नाही. पुन्हा पुढच्या आठवड्यात ती बाहेर बसली. त्याच्या पुढच्याही.

भोगावं लागलं कलावतीला. शाळेतून दमून आली की चाळीला दिसावं म्हणून ती दाराशी गोणपाटावर बसायची. मग महिपत कामावर गेला की दार लोटून चोरून स्वयंपाक करायची. चैत्रातलं हळदीकुंकू झालं, तेव्हा साऱ्या चाळीच्या ओट्या भरल्या आणि ही लांबून बघत राहिली.

"तुमची अब्रू राखायला मी किती दिवस अस्पर्श राहू?" तिने विचारलं. महिपतला लाज वाटली. लाज वाटणं त्याला चांगलं जमायचं, पुढचं काही जमत नसे.

शेवंतीबाईंना तिची दया आली. "इतके दिवस म्हणजे अंगावरून जातंय पोरीच्या," म्हणत त्यांनी काढा आणून दिला. टाकून कसा द्यायचा, म्हणून महिपतनेच तो प्यायला. विषासारखा कडू होता, पण खरं बोलण्यापेक्षा बराच सोपा गेला.

मग कलावतीला दिवस गेले. पाचवा महिना लागला, पोट दिसू लागलं, तरी एका रविवारी शेवंतीबाईंनी "का हो भावजी?" म्हणताच महिपत सवयीने बोलून गेला, "ती बाहेर बसलीय."

शेवंतीबाईंची घागर हातातून सुटली. "पाचव्या महिन्यात?" नळावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि महिपत तांदूळ न धुताच पळाला.

घरी शाळेच्या मंडळाचे चिटणीस, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, येऊन बसले होते. "बाई, काम तुमचं उत्तम आहे," ते कलावतीला म्हणाले. "पण कायम करायचं तर मंडळ विचारणार, मूल झाल्यावर त्याला बघणार कोण? घरात सासूबाई अशा. माझं ऐका, राजीनामा देऊन मोकळ्या व्हा."

कलावतीने महिपतकडे पाहिलं.

महिपतला आठवलं, छापखान्यात त्याला कायम करताना मालक म्हणाला होता, "लग्न झालंय ना? मग माणूस टिकेल." घरी कोण काय बघतं, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. सासुरवाडीहून कोणी येईल, अशी थाप जिभेवर तयार होती. दारात शेवंतीबाई येऊन उभ्या होत्या.

"मी बघेन," महिपत म्हणाला.

"तुम्ही म्हणजे?"

"मी म्हणजे मी! सकाळी आईला मीच बघतो, भात मीच टाकतो. ही बाहेर बसलेली नसते तेव्हासुद्धा!" घाबरल्यामुळे आवाज फार मोठा निघाला, साऱ्या चाळीने ऐकला.

"आणि मीठ जास्त घालतो," आतून गंगुबाई म्हणाली.

भाऊ गडबडले, मग हसले. कायम करायला मंडळापुढे नाव मांडतो, असा शब्द देऊन गेले. आता आभाळ कोसळणार म्हणून महिपत दार लावून बसला, तर संध्याकाळपर्यंत चाळीत त्याचा संत झाला होता. शेवंतीबाई कलावतीला सांगून गेल्या, "पूर्वजन्मीचं पुण्य गं तुझं, म्हणून असा नवरा मिळाला."

महिपत फुगला. "ऐकलंस ना?"

"ऐकलं," कलावती म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी नोकरी करते, घर करते, आता रात्री आईंना शौचाचं भांडंही देते. तुमचं पुण्य म्हणून मी मिळाले, असं कोणी तुम्हाला सांगायला आलं?"

महिपतला आठवेना.

"तुम्ही तरी कधी म्हणालात?"

त्याने खूप आठवून पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "नाही."