डबीतली साखर
फटाक्यांच्या दारूचा वास आला की मला तेरखेड्याच्या एक मावशी आठवतात. त्या कारखान्यात फटाक्यांना वाती लावायच्या आणि महिन्याभराचा खोकला दारूच्या धुळीचाच, असं धरून बसल्या होत्या. मी तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात बेडके तपासायचे. झाकणाची डबी देऊन सांगितलं, "सकाळी उठल्याबरोबर खोल खोकून यात बेडका आणा." दुसऱ्या दिवशी डबीत चमचाभर साखर निघाली. "बेडका पडलाच न्हाय बगा," त्या ओशाळून म्हणाल्या, "अन् रिकामं भांडं माघारी कसं द्यावं?" मला आधी राग आला, मग हसू. नवी डबी देऊन त्यांना बाहेर लिंबाखाली नेलं, दहादा खोल श्वास घ्यायला लावला, तेव्हा कुठं घट्ट बेडका पडला. दोन तासांत मशीनला त्यात क्षयाच्या जंतूचा डीएनए सापडला, आणि नेहमीच्या औषधांना तो दाद देईल, हेही कळलं. सहा महिने त्यांनी एक गोळी चुकवली नाही. शेवटच्या तपासणीला लिंबाखाली कितीही खोकल्या तरी काही पडेना. आजही कुणाच्या हातात नवी डबी देताना त्यांचं तेव्हाचं हसून बोलणं आठवतं, "आज मातर रिकामीच घ्या, ताई."