कनकवल्लीचं कुंकू

मदुराईत वैगै नदीच्या दक्षिण अंगाला उडैयप्पन पेंटरचं घर. घर कसलं, पुढं पत्र्याची शेड आणि मागं चूल. सिनेमाच्या कटआउटांची चाळीस फुटी माणसं त्या शेडमध्ये आडवी पडून जन्माला यायची आणि थिएटरापुढं जाऊन उभी राहायची. बारा वर्षं त्यानं नटी कनकवल्लीला रंगवलं. तिला एकदाही समोर पाहिलं नव्हतं, तरी तिच्या भुवईचा बाक त्याच्या मनगटात मुरला होता. रीत ठरलेली. सगळा चेहरा झाला की शेवटी डोळे, डोळे उघडले की लागलीच कपाळावर कुंकू, आणि मग बायको पेच्ची कापूर ओवाळणार.

त्र्याऐंशी साली कनकवल्लीनं पहिल्यांदा विधवेचं काम केलं. थिएटरनं दिलेल्या फोटोत पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. उडैयप्पननं लुगडं पांढरंच रंगवलं. डोळे उघडले आणि हात आपसूक लाल रंगाकडे गेला. पेच्चीनं कापूर ओवाळला. तिलाही वावगं दिसलं नाही.

शुक्रवारी थिएटरापुढं कटआउट उभं राहिलं आणि प्रकरण पेटलं. कारण पंधरवड्यामागंच एका साप्ताहिकात कनकवल्ली बोलली होती, ‘नवरा गेला म्हणून बाईनं कुंकू का पुसावं?’ लोक आधीच धुमसत होते.

“आता कटआउटवरून शिकवते काय आम्हाला!” करुप्पैया ओरडत होता. तो तिच्या चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. गेल्या पोंगलला ह्यानंच तिच्या कटआउटवर दूध ओतलं होतं.

उडैयप्पन धावत आला. “अरे बाबांनो, तिचा काय दोष? हात माझा, चूक माझी. सवयीनं झालं.”

“म्हाताऱ्याचा जीव जडलाय तिच्यावर!” कुणीतरी म्हणालं. गर्दी हसली.

थिएटरचा मॅनेजर राजमाणिक्कम घामानं थबथबला होता. “पेंटर, चढ आणि पूस. नाहीतर उद्यापासून शेडमध्ये कोंबड्या पाळ.”

उडैयप्पन चिंधी घेऊन बांबूच्या परांचीवर चढला. कुंकू ताटाएवढं होतं. त्यानं हात उचलला, तेवढ्यात खालून पेच्ची किंचाळली, “अहो! ती सवाष्ण आहे! नवरा जिता आहे तिचा!”

हात तिथंच थिजला. बाप गेला तेव्हा बायकांनी आईचं कपाळ घासलं होतं. सात वर्षांचा तो खांबाआडून बघत होता.

तो खाली उतरला. चिंधी करुप्पैयापुढं धरली. “घे. आधी घरी जा, बायकोला सांगून ये कुणाचं कुंकू पुसणार आहेस ते. मग चढ.”

करुप्पैयानं हात मागं घेतले. दुसराही कुणी पुढं झाला नाही.

शेवटी मॅनेजरनं दोर लावून अख्खं कटआउटच उतरवलं आणि तोंड भिंतीकडं करून ठेवलं. मंगळवारी सिनेमा थिएटरातून उतरला. साप्ताहिकानं छापलं की कनकवल्लीनं मुद्दाम कटआउटवर कुंकू रंगवून घेतलं. उडैयप्पननं खुलाशाचं कार्ड लिहिलं, ते छापलं नाही. तिच्या हातचे दोन सिनेमे दुसऱ्या नटीकडे गेले. त्याला थिएटरवाल्यांनी पुन्हा बोलावलं नाही. तो रेशन दुकानांच्या पाट्या रंगवू लागला.

“जेवा आता,” पेच्ची म्हणाली.

“तिला कुणी सांगितलं असेल का गं, की चूक माझी होती म्हणून?”

पेच्चीनं त्याच्या भातावर रस्सम वाढलं.