भावजींचं हेल्मेट

माझी धाकटी जाऊ घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. भावजी अपघातात गेले, तेव्हापासून त्यांचीच मोटरसायकल, त्यांचंच जॅकेट आणि हेल्मेट. पूर्वी ती मागे बसायलाही घाबरायची. आता जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली की तिच्या चालण्यातसुद्धा रुबाब येतो. हेल्मेट मात्र सैल, म्हणून आत ओढणी कोंबते.

"डोकं तुझं आणि माप त्यांचं, हे कसं चालेल?" मी म्हटलं.

"असू द्या, ताई. आत त्यांचा श्वास ऐकू येतो. वळण आलं की तो थांबतो, मग मी वेग कमी करते."

मी तिला ओढतच दुकानात नेलं. दुकानदाराने हेल्मेट आतून दाबून पाहिलं.

"अपघातातलं ना? बाई, एकदा आपटलेलं हेल्मेट आतून मेलेलं असतं. वरून कळत नाही. हे आता डोकं वाचवणार नाही."

तिने आपल्या मापाचं नवं घेतलं.

सकाळी निघताना जुनं माझ्या हातात देऊन म्हणाली, "एकटीला जमेल ना हो?"

मी गॅलरीतून बघत राहिले. ती कोपऱ्यापाशी पोचली, तेव्हा माझ्या हातातल्या हेल्मेटमध्ये कुणीतरी श्वास रोखला.

तिने वेग कमी केला.